प्रलयकथा आणि जीवशास्त्र : एकाच वेळचा ठसा कुठे आहे?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या गृहस्थांचा त्यांच्या मेहुण्यांशी वाद चालू आहे. मेहुण्यांचं म्हणणं, जगभर महापुराच्या कथा आहेत म्हणजे तो पूर येऊन गेलाच असणार. शिवाय २०१८ साली डीएनएच्या अभ्यासातून ‘नव्वद टक्के प्राणी एकाच काळात जन्मले’ हे बाहेर आलंय. आणि बायबलमधल्या नोहाच्या तारवात, म्हणजे प्रलयातून जीव वाचवणाऱ्या त्याच्या जहाजात, आजची प्रत्येक जात चढली नव्हती, मूळचे मोजके ‘प्रकार’ चढले होते, त्यामुळे जागेचाही प्रश्न उरत नाही. यावर गृहस्थांचं उत्तर एकच : एका नर-मादीपासून अख्खी जात उभी राहूच शकत नाही, विषय संपला. ‘आमच्यापैकी बरोबर कोण?’ असं त्यांनी विचारलंय, आणि जाता जाता कबुतराने आणलेल्या ऑलिव्हच्या पानाबद्दलही.

निष्कर्ष तुमचा बरोबर आहे, युक्तिवाद चुकीचा आहे. तो मी स्वतःही एकदा केलाय, म्हणून आधी तोच निस्तरतो.

प्राण्यांमधली जनुकीय विविधता हा माझा तीसेक वर्षांचा धंदा. नुकताच शिकवायला लागलो होतो तेव्हा एका जाहीर चर्चेत मी छातीठोकपणे सांगितलं की दोन प्राण्यांपासून जात टिकणं अशक्य. समोरच्या वक्त्यांनी शांतपणे विचारलं, ‘चॅटम बेटांवरचा काळा रॉबिन तुम्हाला ठाऊक असेल ना?’ ठाऊक होता, म्हणूनच माझी बोलती बंद झाली. न्यूझीलंडजवळच्या त्या बेटांवर १९८० साली या जातीचे जगभरातले अवघे पाच पक्षी शिल्लक होते आणि त्यांत पिल्लं देऊ शकणारी मादी एकच. आज सुमारे अडीचशे रॉबिन आहेत आणि ते सगळे तिचे वंशज आहेत. मॉरिशसच्या केस्ट्रेल या शिकारी पक्ष्याची १९७४ सालची कथाही अशीच : माहीत असलेले पक्षी चार, पुढे त्यांतून शेकडो झाले. बहुतेक वेळा इतक्या कमी संख्येवर आलेली जात संपते हे खरं, पण ‘बहुतेक वेळा’ आणि ‘कधीच नाही’ यात जे अंतर आहे, त्यातच आपला वाद हरतो.

विद्यार्थ्यांनाही पटायला वेळ लागणारी आणखी एक गोष्ट सांगतो. एका जोडीतून सुरुवात झाली आणि पुढे संख्या झपाट्याने वाढली, तर मूळ समूहातली सरासरी जनुकीय विषमता, म्हणजे आई-बापाकडून आलेल्या दोन प्रतींतला फरक, जवळजवळ तीन-चतुर्थांश टिकते. गणित सोपं आहे : एका पिढीत तोटा होतो तो १ भागिले २न, न म्हणजे प्राण्यांची संख्या, इथे दोन, म्हणजे तोटा एक-चतुर्थांश. तेव्हा ‘पूर आला असता तर विविधता शून्य झाली असती’ हेही म्हणू नका. शून्य होत नाही. मग काय होतं?

दोन प्राण्यांत मिळून प्रत्येक जनुकाच्या जास्तीत जास्त चारच प्रती असतात, दोन नराच्या आणि दोन मादीच्या. म्हणजे पुरानंतर त्या जनुकाच्या जुन्या आवृत्त्या चारपेक्षा जास्त असूच शकत नाहीत. दुर्मीळ आवृत्त्या जवळजवळ सगळ्या पुसल्या जातात. पुढे नव्या म्युटेशनने, म्हणजे डीएनएतल्या बदलाने, नव्या आवृत्त्या येतात, पण त्या मूळ चारांपैकी कुठल्या तरी एकीपासून डीएनएच्या एखाद-दुसऱ्या अक्षराने वेगळ्या, नातवंडांसारख्या दिसणाऱ्या. आमच्या भाषेत याला बॉटलनेक म्हणतात. बाटलीच्या अरुंद गळ्यातून गेलेल्या समूहाच्या अंगावर त्याचा वळ राहतो, आणि तो वळ किती जुना हे बऱ्यापैकी सांगता येतं.

उत्तरेकडच्या हत्ती-सीलची एकोणिसाव्या शतकात तेलासाठी इतकी कत्तल झाली की शेवटी शंभराच्या आतच उरले, कदाचित वीसच. आज ते दोन लाखांच्या वर आहेत. १९७४ साली त्यांच्या २४ प्रथिनांची तपासणी झाली, तेव्हा एकातही फरक सापडला नाही. चित्त्यांची गोष्ट तर याहून विलक्षण. १९८०च्या दशकात एकमेकांशी नातं नसलेल्या चित्त्यांमध्ये त्वचारोपण करून पाहिलं, तर शरीराने परकी कातडी झिडकारलीच नाही, जणू सगळी जुळी भावंडं. त्यांचा गळा सुमारे दहा-बारा हजार वर्षांपूर्वीचा. युरोपातला गवा (बायसन) १९२०च्या दशकात रानातून नाहीसा झाला आणि आजचे सगळे प्राणिसंग्रहालयांतल्या बारा पूर्वजांपासून आलेत. त्यांचा वळ शंभर वर्षांचा. म्हणजे असे वळ वाचता येतात, आणि जिथे आहेत तिथे ते लख्ख दिसतात. पण प्रत्येकाची तारीख निराळी आहे.

मेहुण्यांशी बोलायचा खरा मुद्दा हा आहे. बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकातला प्रलय शब्दशः घेतला तर अशुद्ध पशूंची एकेकच जोडी वाचली. शुद्ध पशूंच्या आणि पक्ष्यांच्या सात-सात. तारखेचं म्हणाल तर सतराव्या शतकात आर्चबिशप अशर यांनी वंशावळींची बेरीज करून इसवी सनापूर्वी २३४८ हे साल काढलं, आणि आजही शब्दशः मानणारे त्याच्याच आसपास असतात. हे खरं असतं तर लांडगा, घोडा, उंदीर, हत्ती, साप, कांगारू, जमिनीवरचा प्रत्येक प्राणी चित्त्यासारखा असता. नुसता तसा असता असं नाही, सगळ्यांच्या वळाची तारीखही एकच निघाली असती. चित्त्याबद्दल आपण इतकं बोलतो ते तो अपवाद आहे म्हणून. लांडग्यांत रोगप्रतिकाराच्या एकेका जनुकाच्या डझनावारी आवृत्त्या सापडतात, आणि त्या एकमेकींपासून अनेक ठिकाणी वेगळ्या असतात. चारांतून इतक्या, इतक्या दूरच्या, आणि तेही चार-साडेचार हजार वर्षांत? एखाद्या जातीपुरतं काहीतरी स्पष्टीकरण जुळवता येईल. हजारो जातींत तोच एका वेळचा वळ शोधायला जावं आणि तो कुठेच सापडू नये, इथे मात्र घोडं पेंड खातं.

माणसांच्या बाबतीत एक मोह आवरा. ‘एचएलए-बी या रोगप्रतिकाराच्या एकाच जनुकाच्या हजारो आवृत्त्या माणसांत आहेत, आठ माणसांतून त्या येतीलच कशा?’ हा प्रश्न ऐकायला जोरदार आहे. पण त्यांतल्या कित्येक अगदी दुर्मीळ आणि एखाद्या अक्षरापुरत्या वेगळ्या आहेत. प्रत्येक बाळात साठ-सत्तर नवी म्युटेशन्स असतात आणि माणसं आज आठशे कोटींच्या घरात. नवीन आवृत्त्या तयार होणं त्यामुळे अवघड नाही. समोरचा जाणकार असेल तर तो इथेच तुम्हाला पकडेल.

त्यापेक्षा पत्त्यांचं उदाहरण द्या. तारवात आठ माणसं, पण तीन मुलगे नोहा आणि त्याच्या बायकोचेच. म्हणजे स्वतंत्र माणसं पाच : नोहा, त्याची बायको, तीन सुना. गुणसूत्रांच्या प्रती दहा. समजा हे दहा कोरे कॅट आहेत. दर पिढीत आई-बापाकडून मिळालेल्या प्रतींची थोडी पिसणी होते, तुकड्यांची अदलाबदल होते. पुरापासून आजवर फार तर १६०-१७० पिढ्या झाल्या. इतक्या पिसणीनंतरही मूळ कॅटांचे लांबलचक तुकडे जसेच्या तसे उरायला हवेत, सरासरी काही लाख अक्षरांचे. प्रत्यक्षात माणसाच्या डीएनएत असे एकसंध तुकडे यापेक्षा कितीतरी लहान आहेत, बरेचदा दहा-वीस हजार अक्षरांचे, आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांत सर्वांत लहान. म्हणजे हे पत्ते १६० पिढ्यांत पिसलेले नाहीत, हजारो पिढ्या पिसले गेलेत. ‘देवाने मुळातच विविधता घालून दिली होती’ हे उत्तर विविधतेच्या प्रश्नाला चालतं, पिसणीच्या प्रश्नाला चालत नाही. पिसणीला पिढ्याच लागतात. मला विचाराल तर या सगळ्या वादात हा सर्वांत भक्कम पुरावा आहे आणि तो सर्वांत कमी वापरला जातो.

जुन्या हाडांतला डीएनएही हेच सांगतो. अमेरिकेत माँटाना राज्यात पुरलेल्या एका बालकाचा सांगाडा साडेबारा हजार वर्षांहून जुना आहे. २०१४ साली त्याचा पूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचला गेला, आणि ते बाळ आजच्या मूळ अमेरिकी लोकांच्या पूर्वजांच्याच समूहातलं निघालं. मध्ये सगळी माणसं बुडून पश्चिम आशियातल्या एका कुटुंबापासून पुन्हा सुरुवात झाली असती, तर हा धागा सलग राहिला नसता. इसवी सनापूर्वी २३५०च्या सुमारास इजिप्तमध्ये उनास राजाच्या पिरॅमिडच्या भिंतींवर मंत्र कोरणं चाललं होतं, आणि कोरणाऱ्यांच्या कामात खंड पडल्याचं काही दिसत नाही.

आता तो २०१८चा अभ्यास. मार्क स्टोकल आणि डेव्हिड थॅलर या दोघांनी प्राण्यांच्या मायटोकॉन्ड्रियातल्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातल्या, एका जनुकाच्या नोंदी तपासल्या. जात ओळखण्यासाठी जगभर ज्याचा ‘बारकोड’ म्हणून वापर होतो, तेच हे जनुक. त्यांना दिसलं की बहुतेक जातींमध्ये या जनुकातला आपसातला फरक माणसांइतकाच, म्हणजे थोडासाच आहे. आणि तो फरक एक ते दोन लाख वर्षांत साठू शकतो. बातम्यांनी पराचा कावळा केला : नव्वद टक्के प्राणी एकाच वेळी अवतरले! लेखकांनी उत्क्रांती नाकारलेली नाही, उलट आपलं निरीक्षण ते उत्क्रांतीच्या चौकटीतच मांडतात.

गंमत पाहा. हा आकडा अक्षरशः धरला तरी तो एक-दोन लाख वर्षांचा आहे. साडेचार हजारांची कथा त्यात बसवायची म्हणजे सदऱ्याच्या बाहीत पाय घालण्यासारखं. आणि मुळात तो जातीचा जन्मदिवस नाहीच. मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतो. तुमच्या आईची आई, तिची आई, असं मागे गेलात तर दहा पिढ्यांपूर्वी तुमच्या हजारभर पूर्वजांपैकी तुम्ही एकीचाच माग काढत असता. बाकीच्यांचा वारसा तुमच्यात आहे, पण या धाग्यावर दिसत नाही. काही घराण्यांत नुसत्या मुलीच झाल्या म्हणून आडनाव बंद पडतं, माणसं काही संपत नाहीत. तसेच आईकडचे धागे दर पिढीला तुटत जातात आणि मागे पाहिलं की एकच उरलेला दिसतो. शिवाय अनेक जातींत फरक साधारण सारखा आहे, यावरून त्या सगळ्या एकाच वर्षी गळ्यातून गेल्या हे सिद्ध होत नाही. एकाच मायटोकॉन्ड्रियल जनुकावर आयुष्यभराची कथा रचू नये, हे आम्ही पहिल्या सहामाहीत शिकवतो. बातम्या लिहिणाऱ्यांना ती सहामाही नसते.

मेहुण्यांचा तिसरा मुद्दा मात्र मला मनापासून आवडतो, कारण त्यात धर्मनिष्ठ माणसांनी चारशे वर्षं केलेली प्रामाणिक कसरत आहे. तारवाचं माप उत्पत्तीत दिलंय : ३०० हात लांब, ५० हात रुंद, ३० हात उंच. हात दीड फुटाचा धरला तर साधारण १३७ मीटर लांबी. युरोपीय लोकांना जेमतेम काही शे प्राणी माहीत होते तोवर हिशेब जमत होता. मग अमेरिका सापडली. १५९० साली होसे दे अकोस्टा या स्पॅनिश जेझुइट पाद्र्याने सरळ विचारलं की इथले प्राणी तारवातून इथवर आले कसे, आणि कुठेतरी जमीन जोडलेली असली पाहिजे असा तर्क केला. १६७५ साली अथानासियस किर्चर या जेझुइट विद्वानाने तारवाचा मजल्यामजल्याचा आराखडाच काढला, आणि जागा पुरेना तेव्हा काही प्राणी संकरातून नंतर झालेत म्हणून यादीतून वगळले. जीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने तर एक उंच विषुववृत्तीय पर्वत-बेट कल्पिलं, जिथून सगळे जीव पसरले. ही माणसं काही मूर्ख नव्हती. हाती होती तेवढी माहिती घेऊन ती मेळ घालत होती. माहिती वाढत गेली आणि मेळ सुटत गेला.

आजचा ‘प्रकारा’चा सिद्धान्त या परंपरेतला शेवटचा. हिब्रूत ‘मिन’, म्हणजे प्रकार, असा शब्द आहे. त्यावरून फ्रँक मार्श यांनी १९४१ साली ‘बारामिन’ ही कल्पना काढली. वाघ, सिंह, मांजर वेगवेगळे नाहीत, एका मार्जार-प्रकारापासून पुढे फुटलेत, असं तिचं सूत्र. अशा हिशेबाने काही पुरस्कर्ते सुमारे १,४०० प्रकार आणि सातेक हजारांच्या आत प्राणी इथपर्यंत येतात. तारवात जागा झाली, मान्य. पण आता बिल पाहा. सस्तन प्राणी साडेसहा हजारांच्या आसपास, पक्षी अकरा हजार, सरपटणारे बारा हजार, उभयचर आठ हजारांवर : अडतीस हजार जाती, त्याही १,४०० प्रकारांतून, ४,३०० वर्षांत. म्हणजे दर वर्षी सरासरी आठ-नऊ नव्या जाती, अखंड. कोणताही उत्क्रांतिवादी इतकी वेगवान उत्क्रांती मागत नाही. उत्क्रांती टाळायला निघालेली वाट उत्क्रांतीच्याच, तीही हजारपट घाईतल्या उत्क्रांतीच्या, दारात येऊन थांबते.

आणि हे सगळं घडायला ४,३०० वर्षंही मिळत नाहीत. प्राचीन इजिप्तच्या चित्रांत सिंह, बिबटे, मांजरं वेगवेगळी ओळखू येतात, आजच्यासारखीच. नेपोलियनच्या इजिप्त-स्वारीत गोळा झालेल्या आयबिस पक्ष्यांच्या ममी क्यूविए या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने तपासल्या आणि ते पक्षी आजच्या आयबिसपेक्षा वेगळे नाहीत असं दाखवलं. त्याला ते लामार्कविरुद्ध, जाती बदलतात या कल्पनेविरुद्ध वापरायचं होतं. आज तोच पुरावा पुरानंतरच्या घाईघाईच्या जातिनिर्मितीला आडवा येतो.

पाण्याचं मी फार बोलत नाही, तो माझा प्रांत नाही. एवरेस्ट बुडवायला लागणारं पाणी पृथ्वीवरच्या एकूण पाण्याच्या तिपटीहून जास्त आहे, आणि वातावरणातली सगळी वाफ एकदम कोसळली तरी जगभर सरासरी अडीच सेंटिमीटर पाऊस होईल. ‘तेव्हा डोंगर बुटके होते’ असं उत्तर येईल, येऊ द्या.

वनस्पतींना तारवात जागाच नव्हती, आणि इथे डार्विन दोन्ही बाजूंच्या उपयोगाचा आहे. बेटांवर झाडं पोचतात कशी हे शोधायला त्याने १८५०च्या दशकात बिया खाऱ्या पाण्याच्या बाटल्यांत भिजत घातल्या. ८७ प्रकारांपैकी ६४ प्रकार २८ दिवसांनंतरही रुजले, थोडे तर १३७ दिवसांनंतरही. बी समुद्रात लगेच मरतं हा समज त्याने मोडला, आणि मेहुण्यांनी हा प्रयोग पुढे केला तर तो त्यांचा हक्क आहे. फक्त उत्पत्तीत पाणी १५० दिवस चढून राहतं आणि जमीन सुकायला वर्ष जातं. कॅलिफोर्नियातल्या डोंगरांवर ४,८०० वर्षांहून जुनी ब्रिसलकोन पाइनची झाडं मात्र बियांच्या रूपात थांबली नव्हती. ती उभी होती, आणि दर वर्षाचं वलय खोडात नोंदवत होती.

मासे पाण्यातलेच, त्यांना काय होणार, असं लहानपणी मलाही वाटायचं. पण बहुतेक माशांना खारं किंवा गोडं यांपैकी एकच पाणी मानवतं. मिश्रणात दोन्हीकडचे मरतात. प्रवाळाला तर उथळ, स्वच्छ, उजेडाचं पाणी लागतं. पॅसिफिकमधल्या एनेवेटाक कंकणद्वीपावर १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला छिद्रं पाडली, तेव्हा सुमारे १,४०० मीटर चुनखडीनंतर ज्वालामुखीचा खडक लागला. ती चुनखडी उथळ पाण्यातल्या जीवांनी थरावर थर चढवून केलेली. मैलभर गढूळ पाण्याखाली वर्ष काढून ती पुन्हा पूर्ववत वाढू लागली असं मानायला मन धजावत नाही.

आणि उवा. एका व्याख्यानानंतर एका आजोबांनी मला गंभीर चेहऱ्याने विचारलं, ‘सर, उवा कुणाच्या डोक्यात होत्या हो?’ सभागृह हसलं, पण प्रश्न पक्का होता. माणसाच्या उवेला माणसाचंच रक्त लागतं. डोक्यावरून खाली पडली तर एक-दोन दिवसांत मरते. माणसावरच जगणारा प्रत्येक परजीवी त्या आठ जणांच्या अंगावर असला पाहिजे. नोहाच्या कुटुंबाबद्दल मला सहानुभूती वाटली.

प्राण्यांच्या भूगोलाला मात्र हसून सोडता येत नाही. तारू जिथे टेकलं त्या अरारातच्या डोंगरातून सगळे खाली उतरले असते, तर तिथून जितकं दूर जावं तितके कमी प्रकार आणि वाटेवर सांडलेले अवशेष, असा नकाशा दिसला असता. दिसतो तो उलटाच. शंभराहून जास्त जातींचे लेमूर फक्त मादागास्करमध्ये. कांगारू आणि त्यांचे भाऊबंद ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीच्या पट्ट्यात, पश्चिम आशियापासून तिथपर्यंतच्या वाटेवर कांगारूचं एक हाड नाही. भर समुद्रात उगवलेल्या बेटांवर वटवाघळं पोचलेली असतात, पण मूळचा बेडूक जवळजवळ कुठेच नसतो, कारण त्याची अंडी खाऱ्या पाण्यात टिकत नाहीत. जो उडू शकतो, तरंगू शकतो तोच पोचला, असं हा नकाशा ओरडून सांगतो.

आता ‘सगळ्या धर्मांत पुराची कथा’ या मुद्द्याकडे. १८७२ साली जॉर्ज स्मिथने ब्रिटिश म्युझियममधल्या मातीच्या विटांवरची गिलगमेश या प्राचीन मेसोपोटेमियन काव्यातली पुराची गोष्ट वाचून दाखवली, तेव्हा नोहाच्या कथेशी साम्य पाहून लोक थक्क झाले : देवांचा कोप, नाव, डोंगर, पाणी ओसरलं का ते पाहायला सोडलेले पक्षी. हे दोन स्वतंत्र साक्षीदार नव्हेत, एकाच प्रदेशातली एकच गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या बदलत गेलेली आहे. आणि मनूची गोष्ट मुळात वेगळी आहे, ती नोहाच्या साच्यात कोंबणं हा तिच्यावर अन्याय. शतपथ ब्राह्मणात मनू हात धुवायला पाणी घेतो, ओंजळीत छोटा मासा येतो, ‘मला मोठे मासे खातील, वाचव’ म्हणतो. घडा, खड्डा, शेवटी समुद्र. पूर येतो, मनू माशाच्या शिंगाला नाव बांधतो, उत्तरेच्या पर्वतावर उतरतो. नावेत प्राण्यांच्या जोड्याच नाहीत! नंतर तो तूप-दह्याची आहुती पाण्यात देतो, त्यातून वर्षभरात इडा निर्माण होते आणि तिच्यापासून प्रजा. हा सगळा भाग येतो तो इडा नावाच्या यज्ञविधीचं मूळ सांगताना. सप्तर्षी आणि बीजं महाभारतातल्या आवृत्तीत येतात. या कथेला बॉटलनेकबद्दल विचारणं म्हणजे अभंगाला व्याकरणाचे गुण देण्यासारखं आहे. तसंच मत्स्य-कूर्म-वराह हा क्रम म्हणजे उत्क्रांतीच, असा बादरायण संबंध जोडणाऱ्यांनाही मी हात जोडतो. नरसिंहानंतर वामन येतो, तिथे पुराव्याच्या नावाने काहीच हाती लागत नाही.

इस्लामी परंपरेत बरेच जण हा पूर नूहच्या, म्हणजे नोहाच्या, स्वतःच्या लोकांपुरता, म्हणजे प्रादेशिक मानतात. अनेक ख्रिस्ती आणि यहुदी अभ्यासकही तिथेच येतात. जीवशास्त्राला प्रादेशिक पुराबद्दल काही तक्रार नाही. १९२९ साली पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूली यांना इराकमधल्या उर या प्राचीन शहरात काही मीटर जाडीचा गाळाचा थर सापडला. जवळच्या शहरांतले तसेच थर मात्र वेगवेगळ्या काळातले निघाले, म्हणजे अनेक पूर. हिमयुग ओसरताना समुद्र सुमारे १२० मीटर चढला आणि किनाऱ्यावरच्या माणसांच्या गावांखालची जमीन पिढ्यान्‌पिढ्या गिळत गेला. काळ्या समुद्रात पाणी एकदम घुसलं, हा रायन आणि पिटमन या भूशास्त्रज्ञांचा १९९७चा तर्क अजून वादात आहे. अशा आठवणींतून कथा घडल्या असतील, तर त्यात मला अशक्य काही दिसत नाही. पण मग तारवाची गरजच उरत नाही : पक्ष्यांना उडून जाता आलं असतं, जनावरांना चार दिवस चालून टेकडीवर पोचता आलं असतं. म्हणजे मेळ बसतो, पण ‘आकाशाखालचे सगळे उंच डोंगर बुडाले’ हे वाक्य सोडून. कथेचं काय सोडायचं आणि काय ठेवायचं हे ठरवणं श्रद्धावंताचं काम आहे, माझं नाही. ‘तिथे चमत्कार झाला’ असं कुणी म्हटलं तर मी वाद थांबवतो. फक्त मग त्याला जीवशास्त्राचा पुरावा म्हणू नये.

राहिलं ऑलिव्हचं पान. ऑलिव्हला मुळांशी पाणी साचलेलं अजिबात खपत नाही. महिनोन्‌महिने खाऱ्या पाण्याखाली राहून ते झाड जगेल आणि पाणी उतरताच ताजं पान देईल, हे कठीण. पण नदीचा पूर चार-आठ दिवसांत ओसरला, तर गाळातून डोकं वर काढणारी हिरवी फांदी कुठल्याही शेतकऱ्याने पाहिलेली असते. आणि बुंध्यापासून पुन्हा फुटण्यात ऑलिव्हसारखं चिवट झाड विरळा. गिलगमेशच्या कथेत कबुतर, पाकोळी, डोमकावळा आहेत, पान नाही. ते हिब्रू सांगणाऱ्याने घातलं. मला वाटतं, त्याच्या डोळ्यांपुढे पूर होता तो असा, आठवड्याभरात उतरणारा.